भुतांच्या संग्रहालयातला पाहण्याचा कार्यक्रम

मला फुकट काही मिळालं की आधी भीती वाटते. म्हणून मुलीने रविवारी सकाळी, "ऑफिसने पास दिले आहेत, भूतकथांचं संग्रहालय उघडलंय, चल," असं म्हटलं तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुलगी नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत आहे. त्या कंपनीने आजवर तिला दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या डब्यापलीकडे काही दिलेलं नाही, आणि आता एकदम आईसकट तिला भुतं दाखवायची हौस आली? शिवाय निघताना ती म्हणाली, "ती निळी साडी नेस." भुतं पाहायला कुणी साडी निवडून नेसतं का?

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. पोर खोटं बोलायला लागलं की वाक्य जरा जास्तच व्यवस्थित होतं, हे मला माहीत आहे. मुलीची वाक्यं त्या दिवशी फारच व्यवस्थित होती. मी निळी साडी नेसले, आणि कामठी रोडवरून ऑटोत बसून निघालो.

तिच्या लग्नाचा विषय मी घरात काढत नसे, पण मनात तोच असायचा. आम्ही बौद्ध. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे देव कन्हानच्या पात्रात सोडले. माझ्या बहिणीच्या मुलीने समाजाबाहेर लग्न केलं. सासरच्यांनी नकार दिला नाही, उलट बँड लावून तिला घरी नेलं. फक्त शेजारीपाजारी तिचं माहेरचं आडनाव दुसरंच सांगितलं. आता तीही तेच सांगते. जयंतीला माहेरी येते तेव्हा सासूला सांगते, मैत्रिणीकडे चालले. नकाराचं मला एवढं भय नाही. नकार देणारा दार लावून घेतो आणि आपण आपल्या वाटेने परत येतो. मला भय होतं असल्या होकाराचं. माझ्या मुलीला कुणी घरात ठेवून लपवावं, हे मला मेल्यावरही सहन होणार नव्हतं.

संग्रहालय सिव्हिल लाइन्सकडच्या एका जुन्या बंगल्यात होतं. दारात भगभगीत लाल दिवा, आत उदबत्तीचा आणि ताज्या रंगाचा एकत्र वास. काचेच्या पेट्यांत जुन्या भूतकथांचे दिवाळी अंक ठेवलेले, हिरव्या तोंडाच्या बायकांच्या मुखपृष्ठांचे. एका कोपऱ्यात कुण्या काल्पनिक लेखकाचं टेबल, त्यावर पिवळी पडलेली पानं. ती पानं चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली होती. शाळेच्या नाटकासाठी आम्हीही तेच करायचो, त्यामुळे मला हसू आलं. भिंतीवर विदर्भातल्या भुतांचा नकाशा होता: कुठल्या वाटेवर चकवा लागतो, कुठल्या विहिरीत हडळ राहते. तो मी बारकाईने पाहिला. माझ्या आईच्या गावात भुताचं झाड नेहमी आमच्याच वस्तीच्या वाटेवर असायचं. सावकाराच्या वाड्यासमोर कुठलं भूत कधी उभं राहिलेलं मी ऐकलं नाही. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आज तरी मजा कर ना."

खरा खेळ मागच्या खोलीत होता. चौघांना आत घालून दार बंद करायचं, आणि त्यांनी कोडी सोडवून तासाभरात आतलं आकड्यांचं कुलूप उघडायचं. आम्ही दोघीच होतो, म्हणून अजून दोघं आमच्यासोबत येणार होती. माझ्या वयाची एक बाई आणि तिचा मुलगा. "कोण आहेत कोण जाणे," मुलगी म्हणाली. आणि त्या मुलाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. अनोळखी माणसाकडे आपण निदान एकदा तरी पाहतो. इथेच मला अर्धं कळलं.

उरलेलं अर्धं त्यानेच सांगून टाकलं. खोलीला उतरत्या पायऱ्या होत्या. तो पुढे झाला आणि म्हणाला, "काकू, सांभाळून, डावा पाय जपा." माझा डावा गुडघा दुखतो हे माझ्या डॉक्टरला आणि माझ्या मुलीला माहीत आहे. मुलीने कपाळाला हात लावला. मी काहीच न समजल्यासारखी कठडा धरून उतरले.

म्हणजे हा पाहण्याचा कार्यक्रम होता. फक्त कोण कुणाला पाहत होतं ते कळत नव्हतं. मी त्या बाईकडे पाहिलं. काठापदराची साडी, हातभर हिरवा चुडा, मोबाईल बाहेर ठेवून घेतला म्हणून चिडलेली. ती काटोलकडची निघाली, घरी संत्र्याची बाग. "पोराच्या ऑफिसनं पास देले म्हणते," ती मला म्हणाली. दोघांनी मिळून खोटं बोलायचं ठरवलं, आणि कारण मात्र एकच शोधलं. तिला काही ठाऊक होतं का? मला वाटलं, ठाऊक असणार. मग वाटलं, हे सगळं नाटक तर नाही? गोड बोलून आमच्या घरादाराची माहिती काढून घ्यायची आणि नंतर अट घालायची. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. मी माझ्या गावाचं नाव सांगितलं नाही. कामठी रोडला राहतो, एवढंच म्हटलं.

खोली म्हणजे बाळंतिणीचं स्वयंपाकघर केलेलं होतं. पाळण्यात प्लॅस्टिकचं बाळ, फळीवर बरण्या, कुठूनतरी बाईच्या रडण्याचा आवाज. भिंतीवर लिहिलेलं: बाळाला तिची नजर लागली आहे, ती उतरल्याशिवाय दार उघडणार नाही. मुलं दोघंही एकमेकांकडे न पाहता कुलूप तपासायला लागली. ती बाई मात्र चिडणं विसरली. तिने पदर खोचला, एका बरणीतलं मीठ, दुसरीतली मोहरी, तिसरीतल्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि सरळ पाळण्यापाशी गेली. खेळ आहे, बाहुली आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. रडतं लेकरू दिसलं की दृष्ट काढायची, एवढंच तिच्या हाताला माहीत. मला ती त्या क्षणी आवडली. राग आला स्वतःचा, पण आवडली.

मूठ बाहुलीवरून फिरवता फिरवता ती सहज म्हणाली, "तुमच्याकडं कशी काढतेत वं बाई? मिरच्या किती घेता?"

कुठलंही उत्तर चाललं असतं. तीन म्हटलं असतं, सात म्हटलं असतं, तरी ती पुढे बोलत राहिली असती. माझ्या बहिणीच्या मुलीने आकडा सांगितला असता.

"आमच्याकडे काढत नाहीत," मी म्हटलं.

"लेकराची बी नाई?"

"कुणाचीच नाही. देवच नाहीत घरात. आजोबांनी सगळं बंद केलं."

नागपुरात एवढं पुरतं. पुढचं विचारावं लागत नाही. तिची मूठ पाळण्यावर तशीच थांबली. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा इतका उतरला की मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी जागची हलले नाही. बाईने एकदा माझ्या मुलीकडे पाहिलं, तिच्या पायांपासून डोक्यापर्यंत, आणि मग स्वतःच्या मुलाकडे वळली.

"यासाठीच आणलं काय गा मले इथं?"

"हो, आई," तो म्हणाला. कुलूप त्याच्या हातातच होतं.

म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. मग तिने मूठ पुन्हा फिरवायला सुरुवात केली, कारण अर्धवट सोडायची नसते म्हणे, आणि मिरच्या शेजारच्या खोट्या चुलीत टाकल्या. छतातल्या स्पीकरमधून कुणीतरी सांगितलं की काकू, बरण्यांच्या तळाशी आकडे आहेत, ते कुलपाला लावा. एकानेही बरणी उचलली नाही. चौघंही चार दिशांना पाहत उभे राहिलो, ती रेकॉर्डवरची बाई रडत राहिली, आणि वेळ संपल्यावर बाहेरून कुणीतरी दार उघडून आम्ही हरलो असं जाहीर केलं.

बाहेर रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. बाई तिथल्या बाकावर जाऊन बसली आणि मला शेजारी बसायची खूण केली. मुलं कुंपणापाशी उभी राहिली, निकालाच्या दिवशी उभी राहतात तशी. मला वाटलं आता गोड नकार येईल. पत्रिका, अंतर, मुलाचं वय, काहीतरी. त्याची उत्तरंही माझ्याजवळ तयार होती.

ती म्हणाली, "बरं झालं इथंच आणलं. घरी पाहुणे घेऊन आलो असतो तर पुरुष माणसंच बोलली असती. मी पोहे खाऊन वापस गेली असती." मग तिने मला आडनाव विचारलं.

मी सांगितलं. सांगताना तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. तिचा चेहरा बदलला नाही असं मी म्हणणार नाही. बदलला. ओठाशी नेलेला कप तिने खाली घेतला. मी तिला बहिणीच्या मुलीची गोष्ट सांगितली, आडनावासकट, आणि म्हटलं की नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, मला राग नाही. पण लपवणार असाल तर आत्ताच उठते. तिने मान हलवली. होकाराची की नुसती ऐकल्याची, ते मला कळलं नाही, आणि माझ्यासारखीने ते चांगल्या अर्थाने घेणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. खेड्यातली माणसं फोनवरही शेताच्या त्या टोकाला ऐकू जावं तसं बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. संध्याकाळच्या बसने येते का, एवढंच तो विचारत होता. ती 'हो' म्हणून फोन ठेवू शकली असती. मला वाटलं, ठेवणारच.

"ऐकता काय," ती म्हणाली, "आपल्या पोरानं पोरगी पसंत केली. मी तिच्या मायजवळच बसून आहो."

"कोणाची हाये?" तिकडून आलं.

या प्रश्नाची उत्तरं मी आयुष्यभर ऐकली आहेत. चांगले लोक आहेत. मास्तरणीच्या घरची आहे. घरी आल्यावर सांगते. यांतलं कुठलं येतं याची मी वाट पाहत होते. मुलगी कुंपणापासून दोन पावलं पुढे आली होती.

बाईने माझं आडनाव घेतलं. पूर्ण, स्पष्ट, चहावाल्याने मान वर करून पाहावं इतक्या मोठ्याने. आणि त्याने काही विचारण्याआधीच म्हणाली, "बौद्ध आहेत."

इतक्या वर्षांत आमचं आडनाव आमच्याशिवाय दुसऱ्या कुणी आमच्यासाठी असं उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. फोन तिने ठेवला नाही. दुसऱ्या हातातला कप मात्र कलला होता, चहा साडीवर सांडत होता, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मी तो कप तिच्या हातातून काढून घेतला. तिकडून अजून आवाज आला नव्हता. मी सरकून तिच्याजवळ बसले, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला आम्ही दोघी थांबलो.