बारा गाठींची दोरी

केळीच्या चिकाचा वास वहीला एकदा लागला की जाता जात नाही. टेबलावरच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून तो तुरट, ओलसर दर्प आला की कल्याणीची वही जवळ आली, हे मला नाव न वाचताही कळतं. तापीपलीकडच्या जैनाबादहून येणारी ही मुलगी बाबांबरोबर बागेत राबून मग शाळा गाठते, आणि तिच्या पानांच्या कडांवर चिकाचे तपकिरी डाग उमटलेले असतात.

बुऱ्हाणपुरात मी वीस वर्षं गणित शिकवतो आहे. शिकवतो, असं म्हणायचं आपलं! मुलांना विषयाची गोडी लावा, असं आम्हाला प्रशिक्षणात बजावतात. पण गोडी लावायची कशाला? ती मुलं घरूनच घेऊन येतात. आम्ही फक्त ती घालवतो.

नववीत असताना कल्याणीने एकदा हात वर केला होता. नवी लागवड आखताना तिचे बाबा दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारतात, तीन, चार आणि पाच अशा बाजू धरून ती ताणतात, आणि शेताचा कोपरा अचूक काटकोनात बसतो. "पण सर, असं का होतं? चार-चार-चार केलं तर का नाही होत?" केवढी निर्मळ, निरागस जिज्ञासा! अवघी भूमिती त्या दिवशी चिखलाच्या पायांनी माझ्या वर्गात आली होती, आणि मी घड्याळाकडे पाहिलं. अभ्यासक्रम मागे पडला होता. म्हणालो, "ते परीक्षेत येत नाही. प्रमेय पाठ कर, मार्क कुठे जात नाहीत." वर्ग हसला. ती खाली बसली.

तिने माझं ऐकलं, हेच मला खात राहतं. दहावीच्या छमाही परीक्षेत त्रिकोण फिरवून दिला होता, अक्षरं बदलली होती. कल्याणीने पुस्तकातला त्रिकोण काढला, पुस्तकातलीच अक्षरं दिली आणि सिद्धता स्वल्पविरामासकट उतरवली. समोरचा प्रश्न तिने वाचलाच नव्हता. तो वाचायचा असतो, हे तिला सांगणार कोण होतं? मी शून्य दिलं, आणि ते कुणाला दिलं हे मला नीट ठाऊक होतं.

मग परवा तिला ती दोरी आणायला सांगितली. तिने ती वर्गात सराईतपणे ताणली. कोपरा भिंतीच्या कोपऱ्याला तंतोतंत लागला. मी जवळजवळ अजिजीने विचारलं, "आता सांग बेटा, असं का होतं?"

तिने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आदबीने म्हणाली, "सर, छमाही में तो आया नहीं. वार्षिकला येणार आहे का?"

नाही, म्हणालो. तिने दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

आज तिची वही पुन्हा हातात आहे. तेच प्रमेय पाच वेळा लिहिलेलं, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. कुठे प्रश्नचिन्हही नाही. डाग पडू नयेत म्हणून तिने वहीला कव्हर घातलं आहे, तरी वास येतोच आहे. पानाखाली मी लाल शाईने 'छान' लिहितो. याहून वेगळं काही लिहायचा हक्क मी ती नववीत असतानाच गमावून बसलो.