दुसऱ्याच्या आयडीवर
बिर्याणीतल्या केवड्याचा वास आला, की मला धाकट्या भावाची पाठीवरची पिशवी आठवते आणि मग कचेरीतली ती दुपार. भाऊ आदिलाबादेत घरोघरी जेवण पोचवायचा. तापात पडून ऑर्डरी नाकारल्या म्हणून कंपनीने ॲपवरची त्याची आयडी बंद केली, तेव्हा तो एका मित्राच्या आयडीवर गाडी चालवू लागला. तिथे बरेच जण तसं करत. ऑर्डर पोचवायला जाताना बसस्टँडजवळ लॉरीने त्याला उडवलं आणि तो जागीच गेला. अंत्यविधीनंतर मी वडिलांना आणि त्या मित्राला घेऊन भरपाई मागायला कंपनीच्या कचेरीत गेलो. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता, वर पंखा घरघरत होता. साहेबाने मोबाइलवर आयडीचा फोटो पाहिला आणि मित्राकडे बोट दाखवलं. “ये आयडीवाला तो सामने बैठा है. हमारा राइडर सलामत है.” मित्र रडकुंडीला आला. “साहेब, मी घरी होतो. गाडीवर तो होता, माह्या नावानं.” “तो फिर वो हमारा आदमी नहीं.” तोवर खाली मान घालून बसलेले वडील म्हणाले, “मंग रोज फोनवर ‘जल्दी जाओ, जल्दी जाओ’ कोणाले म्हणून राह्यले होते तुमी?” साहेबाने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. आम्ही पायऱ्या उतरलो. आता आमच्या गल्लीत जेवण घेऊन कोणी आलं, की मी त्याला पाणी देतो आणि नाव विचारतो. पुष्कळदा तो नाव सांगण्याआधी मोबाइलकडे बघतो.