पोरीच्या विरोधात बोलणारे वकीलकाका

वकीलकाकांच्या बैठकीत रिकाम्या जागेवर बसायला बंदी होती. अमरावतीच्या त्यांच्या घरी दर शनिवारी दुपारी नऊ जागा मांडलेल्या असत: पाच खुर्च्या, तीन स्टुलं आणि एक पत्र्याची पेटी. त्यांची मुलगी कुसुम माझी कॉलेजातली मैत्रीण. आमच्या विद्यार्थी मंडळात ती धरून दहा जण होते, म्हणजे बाकीच्या नऊ जणांना एकेक जागा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी उन्हातून दमून आलेली, पेटीवर टेकले. काका दचकले. "ऊठ वं पोरी, तिथं शेळके बसला आहे." मी हसले, पण ते हसले नाहीत. उठताना मी पेटीकडे वळून पाहिलं, हे कबूल करते.

ते दिवस पन्नास सालानंतरचे. मुलगी मंडळात गेली की आमचे बाप एक तर तिचं कॉलेज बंद करायला निघत, नाहीतर तिची भाषणं स्वतः लिहून देत. काका दोन्ही करत नसत. एकेका जागेमागे उभं राहून, त्या त्या मुलाच्या वतीनं, ते कुसुमशी भांडत. "बापानं पोरीच्या बाजूनं बोलू नये. विरोधात बोलावं. तिची बाजू तिले आपोआप सापडते," असं त्यांचं म्हणणं.

गंमत होती तोवर ठीक होतं. एकदा काका पेटीमागे गेले, उजव्या कानाची पाळी ओढली आणि जड, सावकाश आवाजात म्हणाले, "वाचनालय आठपर्यंत उघडं ठेवून गावाकडच्या पोरायले काय फायदा? आमची मोटर सहाले सुटते." सोमवारी मंडळाची बैठक झाली. मोर्शीचा शेळके उठला, त्यानं उजव्या कानाची पाळी ओढली आणि तेच बोलला, मोटरच्या वेळेसकट. कुसुमचं उत्तर तयार होतं. माझं लक्ष मात्र त्या कानावर खिळलेलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू काकांना सांगितलं होतंस का याच्याबद्दल?"

"काय सांगू? त्यानं तर आज पहिल्यांदा तोंड उघडलं!" कुसुम म्हणाली आणि पुढे चालू लागली.

तिच्या भाषणाला काका कधी सभागृहात आले नाहीत. फाटकाबाहेर सायकल धरून, कॉलेजकडे पाठ करून उभे राहत. "माझं तोंड दिसलं तर ती माझ्याकडे पाहून बोलन," म्हणत. भाषण कसं झालं, टाळ्या पडल्या का, हे ते विचारत नसत. घरी जाताना एकच प्रश्न असे: "आज कोनाचं ऐकून घेतलं?"

पुढच्या वर्षी कुसुम चिटणीसपदाला उभी राहणार, हे ठरल्यातच जमा होतं. पण काही मुलांनी मला गाठलं. तूच उभी राहा, म्हणाले, आम्ही पाठीशी आहोत. मी हुरळले. अर्ज भरला, घडी करून वहीत ठेवला आणि कुणाला, अगदी माझ्या आईलाही, सांगितलं नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी कुसुमकडे गेले ते तिचा अंदाज घ्यायला. हो, हेरगिरीच ती.

दार अर्धं उघडं होतं. कुसुमची पाठ दिसत होती. माझ्या नावाची खुर्ची दाराच्या बंद फळीआड होती, आणि तिकडून माझाच आवाज आला.

"कुसुमच्या मागे मागे फिरून मला कंटाळा आला. एकदा तरी फळ्यावर माझं नाव लिहिलेलं मला पाहायचं आहे."

सकाळी वेणी घालताना हेच शब्द माझ्या मनात आले होते. काका नक्कल करत आहेत, असं मी स्वतःला समजावत होते, तेवढ्यात कुसुम बोलली. "उभी राय, मालू. मले राग नाही. पन मले आधी सांगितलं असतं, तर मीच तुह्या अर्जावर सही केली असती."

मी पायरीवरूनच परतले. अर्ज फाडला. दुसऱ्या दिवशी कुसुमच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. ती निवडून आली.

अचलपूरला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा मी काकांचा निरोप घ्यायला गेले. ते बरेच थकले होते. मनावरचं ओझं उतरवावं म्हणून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दिवस कोणता ते पुन्हा विचारलं.

"त्या दिवशी मी अकोल्याले होतो. केस होती," ते म्हणाले. "घरात कुसुम एकटीच होती. अन् तिले तर नकला येतच नाहीत. मी शिकवून थकलो."

माझ्या अंगावर काटा आला. काकांचं मात्र भलतंच झालं. त्यांचे डोळे भरून आले आणि चेहरा फुलला. "म्हंजे माह्याविना बोलली पोरगी," ते दोनदा म्हणाले. "आता मी नसलो तरी चालते."

त्याच हिवाळ्यात ते गेले. कुसुम नागपूरला असते, पत्रं येतात. त्या खुर्चीतून कोण बोललं, हे मी तिला विचारलेलं नाही, कारण मग अर्जाचंही सांगावं लागेल. तिनं त्या दुपारी मला माफ केलं, आणि मी अजून माफी मागितलेली नाही.