तीनशे ग्रॅमचा कॅमेरा

बेंगळुरूच्या चामराजपेटेत शांताक्कांच्या भिंतीवर एक फोटो आहे. तो पाहिला की माणसं हमखास मला विचारतात, "कुठल्या कॅमेऱ्याने काढलास?" मी पाणी प्यायला आत जाते. आज तुम्ही चहा केलाय, वर भजीही तळताय, म्हणून खरं सांगते. फक्त नंतर माझ्या नवऱ्याला फोन करून खात्री करून घ्यायची नाही. नितीनकडे या गोष्टीची त्याची स्वतःची आवृत्ती आहे आणि ती तो फार रंगवून सांगतो.

सुरुवात खांद्यापासून झाली. मारतहळ्ळीत आम्ही बारा वर्षं आहोत आणि त्यातली दहा वर्षं आमच्या मराठी मंडळींच्या बारशा-मुंजींची बिनपगारी फोटोग्राफर मीच. मोठा कॅमेरा, दोन लेन्स आणि ती काळी बॅग मिळून चार किलोंचं ओझं मी उजव्या खांद्यावर वागवलं आणि एक दिवस खांदा आखडला. वेणी घालता येईना. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावला, मी ओरडले, आणि त्यांनी विचारलं की तुम्ही सिमेंट वाहता का.

मग ठरलं, मोठा कॅमेरा द्यायचा आणि छोटा घ्यायचा. मुठीत मावेल असा, वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. शिवाजीनगरच्या गल्लीतल्या एका दुकानात जुना देऊन नवा घेतला. दहा मिनिटांत काम झालं. तेवढ्यावर दुकानातून बाहेर पडले असते तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

पण दुकानदार प्रेमळ निघाला. "मॅडम, कव्हर के बिना कैसा चलेगा?" हे खरंच होतं. बटणाचं सुंदर तपकिरी कातडी कव्हर घेतलं. त्याने बजावलं की हे रिकामं ठेवायचं नाही, आकार जातो, आत काहीतरी कोंबून ठेवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मनगटाचा पट्टा, मग अंगठा टेकवायची पितळी पट्टी, ऊन अडवायची कडी, दोन फिल्टर, जादा बॅटऱ्या. एक वीतभर तिपाई. एक छोटा दिवा. पुसायचं सामान. आणि हे सगळं ठेवायला एक बॅग. तिपाईबरोबर मोबाईल पकडायचा एक प्लास्टिकचा चिमटा फुकट होता. मी त्याला म्हटलं, हा तुम्हीच ठेवा, मी मोबाईलवर फोटो काढत नाही. हे मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज आठवला की मला आजही कसंसं होतं. त्याने हसून चिमटा बॅगेत टाकला.

घरी आल्यावर नितीनने प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा आणला आणि माझी नवी बॅग त्याला अडकवली. जुन्या ओझ्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त भरली. तो काटा ठेवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता.

आता शांताक्कांबद्दल सांगते. त्या बेळगावकडच्या, पण चामराजपेटेत पन्नास वर्षं शिवणकाम करतात. माझी ब्लाउजं त्याच शिवतात. पूर्ण शहर ओलांडून मी जाते, कारण त्या मराठीत रागावतात. त्यांना एक धाकटी बहीण, विमलमावशी, बेळगावात. आईची शिलाई मशीन कुणाकडे जायची यावरून दोघींचं बिनसलं. मशीन अक्कांकडे आली आणि अकरा वर्षं बहीण आली नाही.

त्या वर्षी विमलमावशी बेंगळुरूला मुलाकडे आल्या होत्या. त्यांनी निरोप पाठवला की दसऱ्याला सोनं द्यायला तासभर येते, मग दुपारच्या गाडीने परत. आमच्याकडे आणि त्यांच्याकडे आपट्याची पानं देण्याचा अर्थ एकच, झालं गेलं विसरायचं. अक्कांनी मला फोन केला.

"मंजू, तुझा कॅमेरा घेऊन ये गे. आम्हां दोघींचा एकच फोटो आहे, परकर-पोलक्यातला. मोबाईलमधला नको. सुनेच्या मोबाईलमध्ये हजार फोटो आहेत, भिंतीवर एक नाही. ती परत कधी यायची कुणास ठाऊक."

मी म्हटलं, अक्का, तुम्ही निश्चिंत राहा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा म्हणजे नितीनचा लॅपटॉप, मिक्सर, विळी, स्कूटरची किल्ली आणि माझा कॅमेरा. सासूबाई पाट मांडून बसल्या होत्या. मी कॅमेरा कव्हरासकट ठेवला तशा म्हणाल्या, "कातडं देवापुढे? आधी काढ ते." बरोबरच होतं त्यांचं. मी कॅमेरा बाहेर काढून मिक्सरशेजारी ठेवला. त्यांनी त्याच्या डोक्यावर कुंकू लावलं, झेंडू वाहिला. कॅमेरा इतका गोड दिसत होता की मी त्याचाच फोटो काढायला निघाले होते.

हातात रिकामं कव्हर राहिलं. दुकानदाराचं वाक्य आठवलं, आकार जातो. समोर घडी घालायचे कपडे पडले होते. त्यातला नितीनचा एक राखाडी मोजा घेतला, गुंडाळून कव्हरात कोंबला, बटण लावलं आणि कव्हर बॅगेत ठेवलं. मोजा धुतलेला होता. हे मी प्रत्येकाला सांगते आणि कुणीही ते लक्षात ठेवत नाही.

सकाळी निघताना मी यादी काढली. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे यादीशिवाय मी भाजीलाही जात नाही. यादीत अकरा वस्तू होत्या. पट्टा, कडी, बॅटऱ्या, दिवा, अगदी त्या फुकटच्या चिमट्यापर्यंत. अकराही आहेत, अकरा खुणा झाल्या. कॅमेरा यादीत नव्हता. आता तुम्हीच सांगा, कॅमेरा कोण विसरतं? आणि वजनावरून कळलं असतं म्हणाल, तर चार किलोंत तीनशे ग्रॅम कुठे जाणवणार? हलका आहे म्हणून तर घेतला होता.

रस्त्यावर जिथे तिथे आदल्या दिवशीच्या आयुधपूजेत फोडलेले कोहळे, लॉऱ्यांना केळीचे खांब बांधलेले. टॅक्सी त्यांतून वाट काढत दीड तासाने चामराजपेटेत पोचली.

पुढच्या खोलीत दिवाण होता. एका टोकाला शांताक्का, दुसऱ्या टोकाला विमलमावशी. समोर झेंडूची माळ घातलेली ती मशीन. दोघी मशीनकडे बघत होत्या. मावशींच्या हातात रुमालाची गाठ होती आणि त्यातून आपट्याचं एक पान बाहेर डोकावत होतं. गाठ सुटली नव्हती. मुलगा एक वाजता न्यायला येणार होता आणि साडेबारा वाजत आले होते.

"हिला विचार, गुडघा कसा आहे," अक्का मला म्हणाल्या.

"हिला सांग, बरा आहे," मावशी मला म्हणाल्या. दोघींत चार हातांचं अंतर होतं.

मग मला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं, आणि मी बोलायला लागले. मावशींनी आपला मोबाईल पुढे करून साधं विचारलं होतं की यातून निघत नाही का फोटो. त्यावर मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. मोबाईल तो मोबाईल. त्याला डोळा असतो पण नजर नसते, असंसुद्धा म्हणाले. बोलता बोलता एकेक वस्तू काढून स्टुलावर मांडत होते. तिपाई उभी केली, दिवा लावला, कडी पुसली, बॅटऱ्या ओळीने ठेवल्या. दोन्ही म्हाताऱ्या बघत होत्या. ऑपरेशनची तयारी चालल्यासारखं वाटलं असेल त्यांना.

शेवटी कव्हर काढलं. बटण उघडलं. आत हात घातला आणि नितीनचा मोजा बाहेर काढला.

मी पुन्हा कव्हरात बघितलं. मग बॅगेत. मग स्टुलाखाली, जणू कॅमेरा चालत गेला असेल. मग घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "आहे की इथे, देवापुढे. छान दिसतोय. संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचा नाही हं." हलवून तरी काय होणार होतं? मध्ये दीड तासाचा रस्ता होता. घड्याळात पाऊण वाजत होता. अक्कांनी आयुष्यात माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती, आणि मी त्यांच्यासमोर मोजा धरून उभी होते. मला खरोखर रडू आलं.

विमलमावशींनी शांतपणे विचारलं, "ही पण त्या कॅमेऱ्याचीच वस्तू काय गे?"

अक्का उठल्या. त्यांनी माझ्या हातातून मोजा घेतला, बोटं आत घालून ताणला आणि उजेडाकडे धरला. "टाच गेली आहे. रफू पाहिजे. स्वल्प मशीनवर मारलं की झालं."

"मशीनवर रफू करतात काय?" मावशी म्हणाल्या. मला नाही, थेट अक्कांना. "हातानं करायचं असतंय. आईनं शिकवलं होतं, तुझं लक्ष कुठं होतं?"

"माझं लक्ष नव्हतं? तू तर सुई बघून रडायचीस."

"मी रडायची, पण माझं रफू दिसायचं नाही. तुझं दिसायचं. आई म्हणायची, शांतीनं मोज्यावर कोळी बसवलाय."

अक्का परत दिवाणावर बसल्या आणि त्यांनी मोज्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून घेतले, पण खांदे हलायला लागले. मग मावशींचे हलायला लागले. मग दोघी अशा हसल्या की अक्कांची सून स्वयंपाकघरातून धावत आली. मावशी हसत हसत दिवाणावर सरकत अक्कांपर्यंत आल्या, डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून गाठ सोडली, आणि पानं अक्कांच्या ओटीत पडली.

"घे," मावशी म्हणाल्या. "सोनं घे. सोन्यासारखी राहा."

"तूही राहा," एक पान मावशींना देत अक्का म्हणाल्या. "आणि पुढच्या खेपेला राहायलाच ये."

मी भानावर आले. फोटो! मोबाईल काढला, पण आखडलेल्या खांद्यामुळे हात वर धरता येईना आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे काही दिसेना. तेव्हा स्टुलावर तो दिसला, फुकटचा प्लास्टिकचा चिमटा. मोबाईल चिमट्यात, चिमटा तिपाईवर. त्या भरलेल्या बॅगेतून कामाला आलेल्या वस्तू एवढ्याच, आणि त्यातली एक मी दुकानात परत करत होते. बटण दाबलं. एकाला पाच कमी असताना मुलगा दारात उभा राहिला, तोवर सतरा फोटो झाले होते.

त्यातला एक चामराजपेटेतल्याच स्टुडिओत मोठा करून चौकटीत बसवला. दोघी एकमेकींवर रेललेल्या, पुढ्यात माळ घातलेली मशीन, मावशींच्या हातात पान आणि अक्कांच्या हातात नितीनचा मोजा. येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्का अभिमानाने सांगतात, "आमच्या मंजूच्या नव्या कॅमेऱ्यातला आहे. बारका आहे, पण फोटो सरी निघतोय, एकदम नीट." म्हणून मी पाणी प्यायला आत जाते.

दिवाळीत बेळगावहून विमलमावशींचा फोन आला. पुढच्या दसऱ्याला आठ दिवस राहायला येणार म्हणाल्या. अक्कांनी तो मोजा मशीनवर रफू करून ठेवलाय हे त्यांना कळलं होतं.

"तू तेवढा दुसरा मोजा घेऊन ये गे. मी हातानं करते. कुणाचा बरा होतोय बघू. कॅमेरा राहिला तरी चालेल."

कॅमेरा राहिला तरी चालेल म्हणजे काय! मला लागलंच ते. फोन ठेवल्या ठेवल्या मी यादी काढली, अगदी वर ठळक अक्षरांत लिहिलं, "मोजा", आणि नितीनला दाखवली. म्हटलं, या वेळी चूक काढून दाखव.

त्याने बाराही ओळी नीट वाचल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि कॅमेरा?"