मागून मारलेली हाक

चंद्रभान मास्तर आठवडाभर हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि रविवारी माणसं उडवायचे. माणूस लाखात एक, पण जीभ अशी तिखट की छडी परवडली म्हणायची वेळ यायची. परभणीबाहेरच्या माळावर गवत माजलेली एक जुनी धावपट्टी होती. तिथं मास्तरांनी आणि माधवराव वकिलांनी मिळून हौशी लोकांचं ग्लायडर मंडळ काढलं.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनावर एक मोठा रहाट बसवलेला, त्याला विंच म्हणायचे. विंचनं तारेचा दोर गुंडाळायला घेतला की विमान पतंगासारखं वर चढायचं. वर गेलं की दोर सोडायचा आणि तरंगत खाली यायचं. पगार कुणालाच नाही. वकील, मास्तर, सेलूचा एक सरकीचा व्यापारी, पट्टीला लागून कोरडवाहू शेत असलेला लिंबाजी, सगळे नुसते हौसेचे धनी. विमानसुद्धा दुसऱ्या कुठल्या क्लबानं टाकून दिलेलं. बनी तो बनी, नहीं तो परभनी!

ते दिवस नामांतराच्या आंदोलनाचे. कधी बंद, कधी संचारबंदी, कधी डिझेलच मिळेना. म्हणून एखादा मोकळा रविवार हाती लागला की सगळ्यांना उडायची घाई. अशाच एका रविवारी माधवराव विमानात बसले. ग्लायडरच्या पंखांवर ब्रेकच्या फळ्या असतात. उतरताना त्या उघडायच्या, चढताना मात्र घट्ट मिटलेल्या पाहिजेत. त्या दिवशी आतला खटका नीट बसला नव्हता. विमान धावायला लागलं आणि दोन्ही फळ्या उघडल्या. विमान कसंबसं लिंबाच्या झाडाएवढं चढलं आणि पलीकडच्या तुरीत जाऊन आपटलं. माधवरावांची मांडी मोडली. जीव वाचला हे नशीब.

मास्तर तेव्हा विंचपाशी होते, लांब. त्यांना काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मंडळात एकच बोलणं सुरू झालं, लिंबाजीला हाकला. विमान सुटेस्तोवर पंखाचं टोक हातात धरून पळायचं काम त्याचं होतं. सगळ्यात जवळ तोच, तेव्हा दोष त्याचाच. सोपं काम! गरिबाच्या माथ्यावर खापर फोडलं की बाकीचे जेवायला मोकळे.

मास्तरांनी मात्र एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "फळ्या उघडल्या, तुला दिसलं का?"

दिसलं होतं. लिंबाजीला दिसलं होतं, विंचवाल्याला खूण करणाऱ्या निशाणवाल्याला दिसलं होतं, विमानाला दोर अडकवणाऱ्यांनाही दिसलं होतं.

"मग ओरडलास का नाही?"

लिंबाजी खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, निघालेल्या माणसाला मागून हाक मारावी का?"

आता हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. माणसाचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की "कुठं निघालात" विचारायचं नाही आणि मागून हाक तर मुळीच मारायची नाही. मारलीच चुकून, तर तो परत फिरतो, क्षणभर टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो. सरकीवाला व्यापारी बी.कॉम. झालेला. तो म्हणाला, "मी अपशकुन मानत नाही हो, पण माधवराव मानतात ना!" धन्य आहे. मानणारा गप्प आणि न मानणाराही गप्प, आणि वकीलसाहेब तुरीत.

मास्तरांच्या लक्षात आलं की एका लिंबाजीला हाकलून काही होणार नाही. उद्या पंखाला दुसरा कुणी लागला तरी तोही गप्पच बसेल. विमानाची डागडुजी झाली तेव्हा त्यांनी लिंबाजीला पंखावरच ठेवलं आणि मंडळाला एक नवी रीत घालून दिली. दर रविवारी विमान पहिल्यांदा निघताना कुणीतरी मागून "थांबा!" म्हणून ओरडायचंच. बसणाऱ्यानं दोर सोडायचा, खाली उतरायचं, घोटभर पाणी प्यायचं, "बरं झालं" म्हणायचं आणि मग पुन्हा बसायचं. हाक मारणाऱ्याला कुणी वाकडा शब्द बोलायचा नाही. हाकेत तथ्य निघो न निघो.

लोक हसले. "मास्तर, ही काय नाटक कंपनी हाय का?" पण खरी अडचण पुढंच होती. माधवराव काठी टेकत माळावर परत आले आणि ही रीत ऐकून लालबुंद झाले.

"मला? मला मागून हाक मारणार तुम्ही?"

त्यांच्या पत्नी, धुरपताबाई, डबा घेऊन सोबत आल्या होत्या. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. डबा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, अंथरुणात तुमचं हागणं-मुतणं मी काढलं. शकुनानं न्हाई काढलं. त्या दिवशी एक जरी मेला ओरडला असता तर तुमी दोन पायांवर घरी आला असता. माझं कुंकू तुमच्या शकुनावर टांगायचं न्हाई मला. मारू द्या हाक!" एवढं बोलून त्यांना रडूच फुटलं. वकीलसाहेबांनी भर कोर्टात कधी माघार घेतली नव्हती, ती त्या दिवशी घेतली.

पुढं रीत अंगवळणी पडली. खऱ्या हाकाही यायला लागल्या. एकदा पट्टीवर म्हैस आली, एकदा दोराला पीळ पडलेला दिसला. पण लिंबाजीनं मात्र कधी तोंड उघडलं नाही. पंख धरायचा, पळायचा, गप्प. मास्तरांना त्याचा घोर होता. ज्याच्या हातात पंख, त्याचाच आवाज फुटत नसेल तर बाकीच्या हाका काय जाळायच्यात?

अशात मास्तरांची लेक सत्यशीला एकटीनं उडायला तयार झाली. अख्ख्या मंडळात एकटी पोरगी. गंगाखेडहून मामा-मावश्या एसटीनं आलेले, आई ओवाळायचं ताट घेऊन उभी, मास्तर छाती फुगवून सगळ्यांना विमानाचे भाग समजावून सांगत होते. रीतीची हाक सकाळच्या पहिल्या फेरीलाच होऊन गेली होती, सगळी तपासणीही झाली. सत्यशीला आत बसली, दोर ताणला गेला, विमान हललं.

"थांबा! थांबाऽऽ!"

लिंबाजी ओरडत होता. सत्यशीलानं दोर सोडला, निशाण पडलं, विंच बंद झाला. सगळे धावले. फळ्या पाहिल्या, खटका पाहिला, चाक पाहिलं, शेपटी पाहिली. काही म्हणजे काही नव्हतं. तेवढ्यात वावटळ सुटली, माळभर धूळ उडाली आणि त्या दिवसाचं उडणंच रद्द झालं. पोरगी बाहेर आली ती डोळे पुसतच. एका मावशीनं बोलून घेतलं, "अगं बाई, निघताना मागून हाक!"

मास्तरांचं डोकं सणकलं. आपणच घातलेली रीत, पण लेक आपली, पाव्हणे आपले. "लिंबाजी, लेका डोळे हायत का..." एवढं तोंडातून निघूनही गेलं.

लिंबाजीचा चेहरा उतरला. माळावरचा एकूणएक माणूस मास्तरांकडं बघायला लागला. लिंबाजी आता पुन्हा कधी ओरडणार नव्हता, आणि त्याचं पाहून दुसरंही कुणी ओरडलं नसतं. हे मास्तरांना कळत होतं, पण शब्द तर सुटला होता.

सत्यशीला दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "काका, काय दिसलं तुमाला?"

"फळी हलल्यागत वाटली, पोरी. उन्हाची तिरीप असंल." लिंबाजी म्हणाला. "लय घाबरलो मी. वकीलसाहेबांच्या टायमाला गप बसलो. तुझ्या टायमाला न्हाई बसवलं."

"पुढच्या रविवारी पंख तुमीच धरा, काका," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी धरला तर मी बसणार न्हाई."

मास्तर पुढं आले. वर्गात चुकीचा नकाशा काढला तरी कधी कबूल न करणारा माणूस. सगळ्या पाव्हण्यांसमोर त्यांनी लिंबाजीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "चुकलो रे मी."