पहिल्यापासूनचं दुखणं

अक्का बसल्या जागेवरून कुणाचा अपमान करत नसत. त्यासाठी त्या उठून उभ्या राहत. अंबडच्या आमच्या कारखान्यात त्या हजेरी ठेवायच्या. एच.आर.च्या साहेबाला, त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीवरून, त्या सगळ्यांदेखत ‘गळपट्टा’ म्हणायच्या. मला ते नाव आजही कमीच वाटतं.

मशीनवर जड लोखंडी जॉब चढवताना मी पडलो आणि मणक्यातली गादी सरकली. डावं पाऊल बधिर होत चाललं. ऑपरेशन लवकर झालं नाही तर ते कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कंपनीच्या मेडिक्लेमचा फॉर्म इंग्रजीत आणि मी दिंडोरीचा, म्हणून गळपट्ट्यानं तो स्वतः भरला. कधीपासून दुखतंय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, “पहिल्यापासूनच हाय साहेब, पडलो तवापासून.” त्याला पहिला शब्दच पुरला; त्यानं ‘जन्मापासून’ असं लिहून टाकलं. विमावाल्यांचं उत्तर आलं: जन्मजात दोष, खर्च मिळणार नाही.

मी मुकाट घरी निघालो होतो. गप्प बसणाऱ्यांची अक्कांना गळपट्ट्याहून जास्त चीड. “पाठ मोडली तुझी, जीभ नाय,” म्हणत त्यांनी माझा भरतीच्या वेळचा फिटनेसचा दाखला कपाटातून काढला आणि मला घेऊन त्या गळपट्ट्याच्या केबिनमध्ये शिरल्या.

“जन्मापासून पाठ अधू होती, तर भरती करताना तुमच्या डॉक्टरनं काय बघितलं? दात?”

साहेब पोर्टल, प्रोसेस, वरचं ऑफिस असं बरंच बोलला. त्याचं त्याला तरी किती कळत होतं, देव जाणे. अक्का हलल्या नाहीत. “लिहा,” म्हणाल्या, “पडल्या दिवसापासून.” त्यानं लिहिलं. मग तो कागद त्याच्याच टेबलावर तीन आठवडे सहीसाठी पडून राहिला. शेवटी मंजुरी आली, ऑपरेशन झालं, पाठ मोकळी झाली. पाऊल उचलायचं राहिलं ते राहिलंच. तरी मी उभा आहे तो अक्कांमुळे, आणि त्यांच्यावर माझा जीव आहे.

अक्का निवृत्त झाल्या तेव्हा कँटीनमध्ये गळपट्ट्यानं भाषण ठोकलं. कंपनी कामगाराच्या पाठीशी वेळेवर कशी उभी राहते, याला उदाहरण म्हणून त्या निर्लज्जानं माझं नाव घेतलं. मी शेवटच्या टेबलापाशी होतो. अक्का माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, “गुच्छ मला ह्याच्या हातून हवा. येऊ दे त्याला चालत.”

मी निघालो. डावा बूट फरशीवर घासत होता. गळपट्टा मोबाइलमध्ये बघत राहिला. अक्कांनी गुच्छ घेतला आणि हळूच विचारलं, “लय दुखलं का रे?”

त्या पावलाला आता काहीच कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.