मोटारीच्या डबीतलं बिल

बॉटनी डाउन्सच्या बँकेतल्या पोरीनं चेक माझ्याकडे परत सरकवला आणि गोड हसून म्हणाली, "हे आता आम्ही घेत नाही. कुठलीच बँक घेत नाही." मी म्हटलं, "नाव माझं आहे, आकडा बरोबर आहे, खाली सही आहे. न घ्यायला काय झालं?" ती पुन्हा तेवढंच हसली. चेक बंद झालेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हातात सहीचा कागद असताना पैसे मिळत नाहीत, हे डोक्यात शिरायला मला वेळ लागतो. सहाशे चाळीस डॉलरचा तो कागद घडी करून खिशात टाकला आणि घरी चालत आलो. बस होती, तरी चालत आलो. रागात असलो की मी चालतो.

माझं काम पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरायचं, म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळायचं. चौथीत शाळा सुटली आणि भोसरीच्या एका शेडमध्ये तांब्याची तार हातात आली, ती अजून सुटली नाही. देश सोडून इकडे आल्यावर ईस्ट टामाकीच्या कारखान्यात हेच केलं. रिटायर झालो तेव्हा घराच्या गॅरेजमध्ये बाकडं मांडलं. इथे मोटार जळली की लोक ती फेकतात आणि नवी आणतात. माझ्याकडे येतात ते न फेकणारे. लांबचे, डोंगरातले, एकटेदुकटे म्हातारे शेतकरी. लाकडी खोक्यात मोटार घालून कुरियरनं पाठवतात, मी भरून परत पाठवतो. त्यातल्या पाच-सहा जणांकडे इंटरनेट नाही. काहींकडे मोबाइललासुद्धा रेंज नाही, भिंतीवरचा फोन तेवढा आहे.

बिल पाठवायची माझी एक पद्धत आहे. मोटारीच्या अंगावर एक डबी असते, तिच्यात वायरी जोडतात. वर झाकण, दोन स्क्रू. मी बिल प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या डबीत ठेवतो आणि झाकण लावतो. टपालाचं पाकीट हरवतं, खोक्यावर चिकटवलेला कागद भिजतो. डबी मात्र उघडल्याशिवाय मोटार चालूच होत नाही. म्हणजे बिल हातात पडलंच. पूर्वी बिल गेलं की आठ-दहा दिवसांत टपालानं चेक यायचा. कधी कुणाला आठवण करावी लागली नाही. मला ती करताही येत नाही.

सहाशे चाळीसचा चेक पाठवणारी बाई तौमारुनुईच्या पलीकडे राहते. गाव सोडल्यावर तासभर खडीचा रस्ता, शेवटचं घर तिचं. वय ऐंशीच्या वर, नवरा गेलेला, थोडी मेंढरं, थोडी गुरं. ओढ्याचं पाणी गुरांच्या हौदात चढवणारी तिची मोटार मी फेब्रुवारीत भरून दिली होती. पुरी जळालेली होती, आठ दिवस गेले. बाईला मी पाहिलेलं नव्हतं. आवाज तेवढा ओळखीचा.

चेक परत आणला तेव्हा सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ती फार्मसीत काम करते, आणि रविवारी माझा हिशोब बघते. हिशोब म्हणजे कोणाचे आले, कोणाचे नाही, एवढंच.

"बाबा, मी मागेच म्हटलं होतं. आधी पैसे, मग मोटार."

"तिच्या घरी बँक येणार का?"

"डिपॉझिट करू देत."

"तिथली शाखा बंद झाली. दुसरी दीड तासावर. ती गाडी चालवत नाही आता."

"मग कोणाला तरी सांगू देत. नातू असेल, शेजारी असेल. हीप्स ऑफ, ढिगानं लोक मदत करतात."

"दुसऱ्याच्या हातात पैसे द्यायला सांगू? तू सांगशील तुझ्या गिऱ्हाइकाला?"

"माझं गिऱ्हाईक कार्ड टॅप करतं, बाबा."

शेवटी तिनं एक पत्र टाइप केलं. चेक चालत नाहीत, सोबत परत पाठवत आहोत, खाली खात्याचा नंबर आहे. मी म्हटलं, त्या नंबराचा तिला काय उपयोग, पुढे घाल, 'किंवा तुम्हाला जमेल त्या मार्गानं.' सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मग घातलं. ते वाक्य माझं होतं, हे लक्षात राहू द्या.

एप्रिलच्या शेवटी त्या बाईकडून खोकं आलं. मला वाटलं, काहीतरी पाठवलं बिचारीनं. खोकं उघडतो तर आत दुसरी मोटार! घराच्या पंपाची. वर चिठ्ठी, 'ही पण बंद पडली.' बस. पैशांबद्दल एक अक्षर नाही.

मी तिथल्या तिथे खोकं बंद केलं आणि गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवलं. एरवी मोटार आली की पहिलं काम झाकण काढायचं, आत काय जळलंय ते बघायचं. हिला हातसुद्धा लावणार नाही, म्हटलं. पहिलीचे पैसे देत नाही आणि वर दुसरी पाठवते!

रविवारी सूनबाईनं विचारलं, "ते वरचं खोकं कोणाचं?"

"आहे एक."

"त्याच बाईचं ना? बाबा, आता खरंच बास. तुमची ही इंटरनेट नसलेली मंडळी बंद करू या."

मला तिचं 'करू या' लागलं. बाकडं माझं, तार माझी, आणि बंद करणार आम्ही दोघं. मी म्हटलं, "त्या बाईचे पैसे जुलै संपायच्या आत या घरात येतील. नाही आले तर त्यांचंच काय, सगळंच काम बंद. बाकडं विकून टाकीन."

"असं कशाला बोलता?"

"बोललो."

नातीनं सोफ्यावरून मान वर न करता इंग्रजीत सांगितलं, "आजोबा, तुम्ही हरणार." मराठी सगळं कळतं तिला, फक्त बोलत नाही.

मग फोन सुरू झाले. पैसे मागायची आमच्याकडची एक रीत असते. आधी पाऊसपाण्याचं विचारायचं, मग गुडघ्यांचं. मग म्हणायचं, "बाकी सगळं ठीक ना?" आणि गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यात समोरचा ओशाळतो आणि स्वतःच म्हणतो, अहो, तुमचे पैसे राहिलेत, बघा. भोसरीत मी चाळीस वर्षं असेच पैसे वसूल केले. तोंडानं 'पैसे' म्हटलं नाही.

मी फोन लावला. "पाऊस कसा आहे?"

"आहे की."

"गुडघे?"

"माझे? आहेत दोन्ही जागेवर. तुझे?"

"ठीक. बाकी सगळं ठीक ना?"

"ठीक."

मी गप्प बसलो. तीही गप्प. तारेतून नुसता खरखर आवाज. दोन मिनिटांनी म्हणाली, "डियर, फोन चालू आहे ना?"

"हौदाची मोटार चालतेय ना?" मी विषय जरा जवळ नेला.

"मस्त चालतेय. घरची कधी होईल?"

"बघतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

असे तीन फोन मेमध्ये, चार जूनमध्ये. दर वेळी मी पाऊस, गुडघे, गप्प. दर वेळी ती, घरची कधी होईल? मला वाटायचं, काय निगरगट्ट बाई आहे. तिला माझ्याबद्दल काय वाटत असेल हा विचार माझ्या मनात आला नाही, खोटं कशाला सांगू.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते खोकं फळीवरून उतरवलं, व्हॅनमध्ये टाकलं आणि पहाटेच निघालो. मोटार तिच्या दारात टाकायची, तोंडावर पैसे मागायचे. रीत गेली खड्ड्यात. घरी सांगितलं, तार आणायला जातो.

तौमारुनुईपर्यंत चार तास. पुढे खडीचा रस्ता; इकडे जुलै म्हणजे ऐन थंडी, रस्त्यावरचं गोठलेलं पांढरं दव अजून वितळलेलं नव्हतं. वाटेत दोन फाटकं उघडून बंद करावी लागली. दर वेळी व्हॅनमधून उतरायचं, फाटक उघडायचं, चढायचं, पुढे न्यायची, उतरायचं, बंद करायचं, चढायचं. गुडघे शिव्या देत होते. तोंडानं मी देत होतो. बोलायचं ते पाठ करत होतो, इंग्रजीत. 'मी काम केलं. तुम्ही पैसे दिले नाहीत. हे बरोबर नाही.' दुसऱ्या फाटकापर्यंत चांगलं बसलं होतं.

घर दिसलं. बाहेर पत्र्याच्या मोठ्या टाकीपाशी एक वाकलेली बाई गमबूट घालून उभी होती. टाकीच्या नळाखाली बादली. ती भरली, तिनं उचलली, दहा पावलं चालली, खाली ठेवली. पुन्हा उचलली, दहा पावलं. पायरीपाशी आणखी दोन भरलेल्या बादल्या होत्या.

मला बघून म्हणाली, "कोण?"

मी खोकं दाखवलं.

"अरे, तू! तू स्वतः आणलीस?" तिचा चेहरा असा फुलला की माझं पाठ केलेलं पहिलं वाक्यच गेलं. "झाली ना?"

"नाही झाली."

"मग?"

"मी हात नाही लावला." आणि मग मी बोललो सगळं. उलटंसुलटं बोललो, पण बोललो. फेब्रुवारीचं काम, सहाशे चाळीस, वर दुसरी मोटार.

बाईनं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "पैसे मी दिले."

"चेक चालत नाही, बाई. पत्र पाठवलं होतं."

"वाचलं. जमेल त्या मार्गानं द्या, असं लिहिलं होतंस. मला जमला तो मार्ग हा." तिनं खोकं घराच्या पायरीवर ठेवायला लावलं, आत गेली आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आली. खोकं उघडून सुरीच्या टोकानं डबीचे दोन स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं.

आत पावाच्या पिशवीचं प्लास्टिक. त्यात माझंच बिल, आणि बिलात गुंडाळलेल्या नोटा. सहाशे चाळीस, आणि वर दुसऱ्या कामाचे म्हणून शंभर.

"शेजारीण महिन्यातून एकदा गावात नेते," ती म्हणाली. "दुकानात कार्डावर रोख देतात, थोडे थोडे काढले. दोन खेपा लागल्या. तुझं बिल डबीतून येतं, म्हटलं पैसेही डबीतूनच जाऊ देत. कुरियरवाला तिथे कशाला बघेल? बघणारा तू एकटाच."

 मी म्हटलं, "फोनवर सांगायचं तरी."

"का सांगू? मोटार दुरुस्त करणारा माणूस डबी उघडणार नाही असं कोणाला वाटेल?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मला वाटलं तुझी तब्येत बरी नसेल. सारखा गुडघ्यांचं बोलायचास. म्हटलं म्हाताऱ्याला घाई नको करायला."

अडीच महिने. अडीच महिने पैसे माझ्या गॅरेजात, माझ्या डोक्याच्या वर, आणि ही इथे बादल्या उचलतेय. भांड्यांना पाणी, अंघोळीला पाणी, संडासात ओतायला पाणी. गोठलेल्या सकाळी नळावर किटलीतलं गरम पाणी ओतून मग बादली भरायची, असं तिनं सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मी डबीत बोट घालून बघितलं. आतल्या तारा कोळसा झालेल्या. तिथे बसून होण्यासारखं काही नव्हतं. वायर घरी, वॉर्निश घरी. निदान बेअरिंग गेलं असतं तर तिथेच काहीतरी करता आलं असतं!

मी पायरीवरच्या बादल्या आत नेल्या. मग टाकीपाशी गेलो आणि आणखी भरल्या. घरात जेवढी भांडी होती तेवढी भरली, बाथटबसुद्धा. ती म्हणत होती, पुरे, गुडघे मोडतील तुझे. मी ऐकलं नाही. तिनं चहा केला, त्यात दूध फार घातलं, मी प्यायलो. नवी मोटार का नाही घेतली, विचारलं. म्हणाली, "तुला पैसे दिले होते ना."

मोटार पुन्हा व्हॅनमध्ये घातली आणि परतताना ती दोन्ही फाटकं पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. कोणावर रागवावं ते कळत नव्हतं. बँकेवर रागावून बघितलं, त्या हसऱ्या पोरीवर बघितलं, इंटरनेटवर बघितलं. तौमारुनुई येईपर्यंत सगळे संपले.

घरी सूनबाई दारातच होती. मी पावाची पिशवी टेबलावर ठेवली. तिनं नोटा मोजल्या.

"आले? बाबा! जुलै संपायच्या आत! कुठे मिळाले?"

गप्प राहता आलं असतं. बाईकडे गेलो, तोंडावर मागितले, मिळाले, असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण मी म्हटलं, "एप्रिलपासून इथेच होते. गॅरेजात. वरच्या फळीवर." आणि बाकीचं सांगितलं. बादल्यांचंही सांगितलं.

 सूनबाई नोटा परत पिशवीत घालत म्हणाली, "म्हणजे तुम्ही जिंकलात."

"जिंकलो."

"जेवून घ्या आधी."

मी जेवलो नाही. कपडे बदलले आणि जळलेली तार काढायला बसलो. एरवी अशा मोटारीला मी आठवडा घेतो. ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोक्यात भरली. ते शंभर डॉलर बिलात गुंडाळले, बिलाच्या खाली शून्य लिहिलं आणि डबीत ठेवून झाकण लावलं.

पाच दिवसांनी फोन आला. मागे नळ वाहत असल्याचा आवाज होता, मुद्दाम सोडला असावा.

"पाणी आलं," ती म्हणाली.

"डबी बघितली?"

"मी डबी बघतेच, डियर," ती म्हणाली. "आणि ते शंभर मी घेणार नाही. हौदाची मोटार कधीतरी पुन्हा जळेल, तिच्यातून परत येतील. उघडशील ना?"